मेनोपॉजची घरगुती चाचणीपट्टी: चाळिशीनंतर विकत घ्यावी का?

औषधांच्या काही दुकानांत आणि ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांवर ‘मेनोपॉज टेस्ट किट’ या नावाने लघवीची चाचणी करण्याच्या पट्ट्या मिळतात. पाळीचे गणित बिघडू लागलेल्या, रात्री घामाने भिजून जागे होणाऱ्या आणि स्वतःच्याच चिडचिडीने हैराण झालेल्या चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्रीला घरच्या घरी, कोणाला काही न विचारता, काही मिनिटांत उत्तर मिळेल असे आश्वासन त्या देतात. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि गेल्या वर्षभरात माझी पाळी अनियमित झाली आहे. माझ्या मोठ्या जाऊबाईंची गर्भाशयाची पिशवी काढून बरीच वर्षे लोटली आहेत. अशा अगदी वेगळ्या परिस्थितीतल्या आम्ही दोघींनी ही पट्टी वापरली, तिच्यासोबतचे माहितीपत्रक नीट वाचले आणि स्त्रीरोगतज्ज्ञांशी त्याबद्दल बोललो. त्यावर आधारित हा अभिप्राय आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक पट्ट्या एकाच तत्त्वावर चालतात आणि पुढे जे लिहिले आहे ते त्या सगळ्यांनाच लागू पडते. माझे मत सुरुवातीलाच सांगते. पट्टी सदोष नाही, जे मोजायचे ते ती बऱ्यापैकी मोजते; परंतु पेरिमेनोपॉज, म्हणजे पाळी कायमची थांबण्याआधीचा काही वर्षांचा बदलाचा काळ, ओळखण्यासाठी तिचा उपयोग फार थोडा आहे, आणि काही स्त्रियांच्या बाबतीत तिच्या उत्तरामुळे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते.

आधी वस्तूविषयी. खोक्यात चांदीच्या रंगाच्या कागदात बंद केलेल्या पट्ट्या, प्लास्टिकचा लहान ड्रॉपर, ओलावा शोषणारी पुडी आणि बारीक अक्षरांत छापलेले, अनेक घड्या घातलेले माहितीपत्रक असते. सकाळची पहिली लघवी स्वच्छ भांड्यात घ्यायची, ड्रॉपरने तिचे काही थेंब पट्टीच्या खोलगट भागात टाकायचे आणि सांगितलेल्या वेळातच निकाल पाहायचा. पट्टीवर दोन जागा असतात: एक पट्टी नीट चालते आहे हे दाखवणारी नियंत्रण-रेघ, आणि दुसरी चाचणीची रेघ. इथपर्यंत सारे गरोदरपणाच्या पट्टीसारखेच आहे, पण निकाल वाचण्याची रीत मात्र वेगळी आहे. गरोदरपणाच्या चाचणीत दुसरी रेघ फिकट उमटली तरी निकाल ‘होय’ धरतात. या पट्टीत चाचणीची रेघ नियंत्रण-रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच ‘होय’, आणि फिकट असेल तर ‘नाही’. कारण ज्या संप्रेरकाची (हार्मोनची) ही चाचणी आहे ते पाळी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या शरीरात थोडेफार असतेच. गरोदरपणाची पट्टी एकदा तरी वापरलेल्या आपल्याकडच्या बहुतेक स्त्रिया फिकट रेघ पाहून चुकीचा अर्थ लावतील अशी दाट शक्यता आहे, आणि हा फरक खोक्यावर ठळकपणे छापायला हवा होता. तो आतल्या माहितीपत्रकात, इंग्रजीत आणि इतर दहा सूचनांच्या गर्दीत आहे. दिवसाच्या उजेडात दोन रेघांची तुलना करतानासुद्धा ‘जवळजवळ सारख्या’ म्हणजे नेमके काय, याविषयी आम्हा दोघींचे एकमत झाले नाही.

ही पट्टी एफएसएच नावाचे संप्रेरक तपासते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ते तयार करते आणि स्त्रीबीज पिकवण्याचा आदेश त्याच्याद्वारे बीजांडकोशाला पोहोचतो. वय वाढते तशी बीजांडकोशातील बीजांची संख्या आणि प्रतिसाद देण्याची ताकद कमी होत जाते, आणि मग तोच परिणाम साधण्यासाठी पीयूषिका ग्रंथीला अधिकाधिक एफएसएच सोडावे लागते. म्हणून पाळी जाण्याच्या सुमारास या संप्रेरकाची पातळी वाढते. बाजारातल्या पट्ट्या साधारणपणे दर मिलिलिटरमागे २५ मिलि-आययू (संप्रेरके मोजण्याचे एकक) या पातळीच्या वर ‘होय’ दाखवतात. खोक्यावर ‘९९ टक्के अचूक’ असे लिहिलेले आढळते, ते या अर्थाने: लघवीत एफएसएच त्या मर्यादेच्या वर असेल तर पट्टी ते जवळजवळ निश्चितपणे ओळखते. तुम्हाला पेरिमेनोपॉज सुरू झाला आहे की नाही हे ती ९९ टक्के खात्रीने सांगते, असा अर्थ त्यातून मुळीच निघत नाही. सगळा घोटाळा या एका ओळीपाशी होतो, कारण विकत घेणारी स्त्री ती ओळ दुसऱ्याच अर्थाने वाचते.

रजोनिवृत्ती पूर्ण झाल्यावर एफएसएच वाढते आणि वाढलेलेच राहते. तेव्हा पट्टी ठामपणे ‘होय’ म्हणेल, पण सलग बारा महिने पाळी न आल्यावर रजोनिवृत्ती झाली हे कळायला पट्टीची गरजच उरत नाही. खरी संभ्रमावस्था असते ती त्याआधीच्या वर्षांत, आणि नेमक्या त्याच वर्षांत एफएसएच कमालीचे वरखाली होते. एका महिन्यात तीसच्या पुढे गेलेला आकडा पुढच्या महिन्यात दहाच्या आत आला तरी नवल नसते, कारण बीजांडकोश मावळत्या काळातही मध्येच चांगले काम करतो. शिवाय प्रत्येक चक्राच्या मध्यावर, स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या सुमारास, एफएसएच काही काळ आपोआप चढते. त्या दिवशी चाचणी केली तर तरुण स्त्रीच्या पट्टीवरही गडद रेघ उमटू शकते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर उलट ते दबलेले राहते. म्हणूनच डॉक्टरांना उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रीला लक्षणे असतील तर निदानासाठी एफएसएचची चाचणी करू नये. वय, पाळीतला बदल आणि लक्षणे एवढ्यावरून निदान करावे. ही सूचना प्रयोगशाळेत रक्तातून आकड्यानिशी मोजल्या जाणाऱ्या एफएसएचविषयीची आहे. जी गोष्ट तिथेही भरवशाची मानली जात नाही, ती लघवीच्या पट्टीवरच्या दोन रेघांत अधिक भरवशाची होण्याचे काही कारण नाही.

माझा अनुभव याला धरूनच होता. माझी चाचणीची रेघ आधी फिकट आली, पुढच्या पाळीच्या वेळी ती जवळजवळ नियंत्रण-रेघेइतकी गडद झाली, आणि त्यानंतरच्या खेपेस पुन्हा फिकट दिसली. या सगळ्या काळात माझी लक्षणे मात्र होती तशीच होती: पाळीच्या आधीचे काही दिवस कानशिले एकदम तापणे, छातीपासून मानेपर्यंत वाफ चढल्यासारखे होऊन घाम फुटणे, पहाटे तीनच्या सुमारास जाग येऊन पुन्हा झोप न लागणे आणि दोन पाळ्यांमधल्या अंतराचा काही भरवसा नसणे. पट्टीवर विश्वास ठेवायचा तर मी एका महिन्यात रजोनिवृत्तीकडे गेले आणि पुढच्या महिन्यात परत आले, असे म्हणावे लागेल.

जाऊबाईंच्या पट्टीवर मात्र पहिल्याच वेळी ठसठशीत रेघ उमटली. त्यांना त्याचे काहीच अप्रूप वाटले नाही. “अगं, हे मला ठाऊकच होतं. अंगातून वाफा निघतात त्या काय उगीच?” असे म्हणून त्यांनी माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “आता पुढं काय करायचं, ते यात कुठं लिहिलंय?” त्यात एवढेच लिहिले होते की निकाल ‘होय’ आल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि निकाल ‘नाही’ येऊनही त्रास होत असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जाऊबाईंचा प्रश्न हाच या वस्तूवरचा सर्वांत नेमका आक्षेप आहे असे मला वाटते: उत्तर कोणतेही आले तरी पुढची वाट तीच असेल, तर मधले पैसे कशासाठी खर्च करायचे?

जाऊबाईंसारख्या स्त्रियांचा विचार थोडा सविस्तर करायला हवा, कारण आपल्या राज्यात त्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्याविषयी बोलले कमी जाते. पिशवी काढली की पाळी थांबते, त्यामुळे पाळीतल्या बदलावरून काही ओळखण्याचा मार्गच बंद होतो. शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले असतील तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती होते, तीही अचानक आणि अधिक तीव्र लक्षणांसह. बीजांडकोश ठेवले असतील तर संप्रेरके तयार होत राहतात, परंतु अशा स्त्रियांचे बीजांडकोश इतरांपेक्षा काहीसे लवकर थकण्याची शक्यता असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा या स्त्रियांपैकी कित्येकींच्या शस्त्रक्रिया ऐन तरुण वयात झाल्याचे महाराष्ट्राने ऐकले. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास किंवा पोटदुखी यासाठी पिशवी काढून घेतलेल्या या स्त्रियांना पुढे चाळिशीच्या आतच हाडे दुखणे, वाफा येणे, झोप उडणे सुरू झाले तर त्याचा संबंध त्या शस्त्रक्रियेशी असू शकतो, हे त्यांना सांगणारे कोणी नसते. अशा स्त्रीला एफएसएचची माहिती उपयोगी पडू शकते, हे मी मान्य करते. तरीही तिने पट्टीपेक्षा डॉक्टरांनी सांगितलेली रक्ताची तपासणी करावी, आणि त्याहूनही आधी स्वतःच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड शोधून बीजांडकोश ठेवले होते की काढले होते हे पाहावे. जाऊबाईंचे कार्ड कपाटातल्या रेशनकार्डाच्या पिशवीत सापडले, आणि त्यावरची ती एक ओळ डॉक्टरांना पट्टीपेक्षा कितीतरी अधिक मोलाची वाटली.

ज्यांची पाळी चालू आहे त्यांच्यासाठी सर्वांत भरवशाची खूण पाळीच्या तारखांतच असते. आपल्या घरांत ‘कालनिर्णय’च्या चौकटीत तारखेला बारीक खूण करण्याची पद्धत जुनी आहे. ती बहुतेक वेळा व्रतवैकल्ये आणि कार्ये ठरवण्यापुरती वापरली जाते, पण त्या खुणा वर्षभराच्या एकत्र पाहिल्या तर त्यांतून बरेच कळते. पुनरुत्पादक वयाच्या टप्प्यांसाठी जगभर जे वर्गीकरण वापरले जाते, त्यानुसार लागोपाठच्या दोन चक्रांच्या लांबीत सात किंवा त्याहून अधिक दिवसांचा फरक पडू लागला आणि असे वारंवार होऊ लागले, तर बदलाचा पहिला टप्पा सुरू झाला असे मानतात. पाळी न येता साठ किंवा अधिक दिवस गेले तर तो पुढचा टप्पा समजतात. पुष्कळ स्त्रियांना आधी अंतर कमी झाल्याचे जाणवते, म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी येणारी पाळी चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशीच येऊ लागते, आणि मग पुढे ती चुकू लागते. ‘माझी पाळी तर लवकर येते, मग ती जायची वेळ कशी आली?’ हा प्रश्न त्यामुळेच पडतो, आणि त्याचे उत्तर असे की लवकर येणे हेही त्याच बदलाचे लक्षण असू शकते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरीने शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास कायमची जाते, पाश्चात्त्य देशांत हे वय एक्कावन्नच्या आसपास आहे. बदल त्याआधी काही वर्षे सुरू होतो, हे लक्षात घेतले तर आपल्याकडच्या बायकांनी चाळिशी ओलांडताच तारखा नोंदवायला लागणे शहाणपणाचे आहे. यात एक अडचण आपल्याकडचीच आहे. गौरी-गणपतीत, सत्यनारायणाला किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, आणि त्या महिन्यांचा हिशेब बिघडतो. म्हणून गोळ्या घेतलेल्या महिन्यापुढे तशी नोंद करून ठेवावी; डॉक्टर ती आवर्जून विचारतात.

तारखांशेजारी बाकीची लक्षणेही लिहावीत. पट्टी ज्याला स्पर्शही करत नाही असा हा सगळा भाग आहे, आणि पेरिमेनोपॉज ओळखला जात नाही तो मुख्यतः इथेच. अंगातून वाफा येणे सर्वांना माहीत असते, परंतु छातीत अचानक धडधडणे, सकाळी बोटे आणि गुडघे आखडणे, खांदा धरणे, ओळखीच्या माणसाचे नाव ऐनवेळी न आठवणे, विनाकारण रडू येणे, पूर्वी कधी नव्हती इतकी धास्ती वाटणे, लघवीला जळजळ होणे आणि वारंवार जंतुसंसर्ग होणे, योनीमार्ग कोरडा पडून संबंधांच्या वेळी दुखणे, जुनी अर्धशिशी पुन्हा उफाळणे, हे सारे या काळात होऊ शकते हे फारच थोड्यांना ठाऊक असते. मग धडधडीसाठी हृदयरोगतज्ज्ञ, गुडघ्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञ, झोपेसाठी कोणीतरी दिलेली गोळी आणि लघवीसाठी अँटिबायोटिक, अशा वेगवेगळ्या दारांत एकाच त्रासाचे तुकडे घेऊन ती स्त्री फिरते, आणि कोणत्याच ठिकाणी पाळीविषयी विचारले जात नाही. डॉक्टरांनी मला भरायला दिलेली प्रश्नावली त्या दृष्टीने फार चांगली वाटली. ‘मेनोपॉज रेटिंग स्केल’ नावाच्या या प्रश्नावलीत अकरा लक्षणे आहेत, प्रत्येकाला त्रासाच्या तीव्रतेनुसार शून्य ते चार गुण द्यायचे असतात, आणि त्यात वाफांबरोबर झोप, चिंता, चिडचिड, थकवा, सांधे, लघवी आणि शरीरसंबंध या सगळ्यांची विचारणा आहे. ज्या गोष्टी तोंडाने सांगायला संकोच वाटतो त्या कागदावर खूण करून सांगणे सोपे जाते. या प्रश्नावलीतून निदान होत नाही, त्रास किती आहे हे कळते, आणि उपचारांनंतर पुन्हा भरली तर फरक पडला की नाही हेही दिसते. ती भरायला पैसे पडत नाहीत.

आता या पट्टीमुळे होऊ शकणाऱ्या नुकसानाविषयी, कारण अभिप्राय लिहिण्याचे माझे मुख्य कारण तेच आहे. पहिले नुकसान ‘नाही’ या निकालाचे. पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांची स्त्री आधीच घरच्यांकडून ‘मनाचे खेळ आहेत’, ‘जास्त विचार करतेस’ असे ऐकत असते. तिच्या पट्टीवर फिकट रेघ उमटली तर तिचा त्रास खरा नाही असा पुरावाच हाती आला असे घरच्यांना, आणि कधी तिला स्वतःलाही, वाटू शकते. दुसरे नुकसान ‘होय’ या निकालाचे: आता दिवस जाण्याची भीती संपली असे समजून गर्भनिरोधन थांबवले जाते. पेरिमेनोपॉजमध्ये स्त्रीबीज अधूनमधून बाहेर पडतच असते आणि गर्भधारणा होऊ शकते. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर त्यानंतर दोन वर्षे, आणि पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. एका रेघेच्या आधारावर ते सोडणे धोक्याचे आहे, आणि माहितीपत्रकात याचा उल्लेख बारीक अक्षरांत आहे.

तिसरे नुकसान सर्वांत गंभीर आहे. गडद रेघ दिसली की अंगावरून जास्त जाणे, मधूनच लाल डाग दिसणे, रक्ताच्या गाठी पडणे या सगळ्यांना ‘पाळी जायची वेळ आली, असे व्हायचेच’ हे एकच उत्तर चिकटते. या काळात काही चक्रांत स्त्रीबीज बाहेर पडत नाही, त्यामुळे गर्भाशयाचे आतले अस्तर जाड होत जाते आणि मग रक्तस्राव जोराचा होतो, हे खरे आहे. परंतु गर्भाशयातील गाठी, अस्तराची अतिरिक्त वाढ आणि कर्करोग यांचीही लक्षणे तीच असू शकतात. तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त दिसत असेल, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त आले असेल, मग ते थेंबभर का असेना, तर पट्टी हातात घेऊ नये आणि विलंब न करता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. त्या सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहतात, गरज असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. त्याचप्रमाणे छातीत दुखून डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, धाप लागत असेल, तर ते पेरिमेनोपॉजच्या खात्यावर कधीच टाकू नये.

पट्टीची किंमत काही शे रुपयांच्या घरात असते. तेवढेच किंवा थोडे अधिक पैसे ज्या तपासण्यांवर खर्च करणे योग्य ठरेल त्या अगदी साध्या आहेत: रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉईडसाठी टीएसएच, साखर, आणि डॉक्टरांना वाटल्यास बी-१२. थायरॉईड वाढला तर घाम आणि धडधड, कमी झाला तर थकवा, वजन आणि जास्त रक्तस्राव, म्हणजे दोन्ही बाजूंनी पेरिमेनोपॉजचीच नक्कल होते. रक्तक्षयाचे तर विचारूच नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. महिन्याला भरपूर रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीला जिना चढताना धडधडत असेल, तर आधी हिमोग्लोबिन पाहावे. माझे स्वतःचे हिमोग्लोबिन साडेनऊ निघाले, आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर माझ्या त्रासातला थकव्याचा वाटा ओसरला. वाफा आणि अपुरी झोप राहिली, ती मात्र संप्रेरकांमुळे होती. दोन वेगळ्या कारणांची ही उकल पट्टीला कधीच करता आली नसती. काही प्रयोगशाळा चाळिशीपुढील स्त्रियांसाठी संप्रेरकांच्या तपासण्यांची मोठी पॅकेजेस विकतात, त्यांविषयीही माझे मत हेच आहे: डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिल्याशिवाय ती घेऊ नयेत.

डॉक्टरांनी माझ्या पट्ट्यांचे फोटो पाहिले आणि बाजूला ठेवले. त्यांनी वहीतल्या तारखा पाहिल्या, आईची पाळी कोणत्या वयात गेली ते विचारले, रक्तदाब आणि वजन घेतले, स्तनांच्या गाठी, रक्ताच्या गुठळ्या आणि यकृताचे आजार यांविषयी घरचा इतिहास लिहून घेतला, आणि पेरिमेनोपॉजचे निदान तिथल्या तिथे केले. संप्रेरकोपचाराविषयी, म्हणजे कमी पडणारी संप्रेरके औषधातून घेण्याविषयी, मनात भीती होती, ती त्यांनी शांतपणे समजावून दूर केली. ही भीती मुख्यतः २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासातून आली. त्यात सहभागी स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते, म्हणजे त्यांपैकी बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली होती. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, इतर धोके नसलेल्या आणि त्रासलेल्या स्त्रीसाठी धोक्यापेक्षा फायदा सहसा जास्त असतो असे आज मानले जाते. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेन या संप्रेरकाबरोबर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक घ्यावेच लागते, आणि ज्यांना संप्रेरके चालत नाहीत त्यांच्यासाठी इतर औषधे आहेत. जाऊबाईंना त्यांनी हाडांची घनता मोजायला सांगितले, कारण त्यांची पिशवी पस्तिशीच्या आत काढली होती आणि बीजांडकोशांपैकी एकच ठेवला होता.

या वस्तूला पाच पैकी मी दोन गुण देईन, तेही मोजण्याच्या तांत्रिक कामासाठी. पंचेचाळीस उलटलेल्या आणि पाळी चालू असलेल्या स्त्रीने ती घेऊ नये. चाळिशीच्या आत ज्यांची पाळी तीन-चार महिने थांबली आहे, त्यांनी तर पट्टीवर वेळ घालवूच नये: आधी गरोदरपणाची चाचणी करावी आणि ती ‘नाही’ आली तर लगेच डॉक्टरांकडे जावे, कारण त्या वयात बीजांडकोश अकाली थकले आहेत का हे रक्तातील एफएसएच काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून पाहावे लागते, आणि तसे असेल तर हाडे व हृदय सांभाळण्यासाठी रजोनिवृत्तीच्या नेहमीच्या वयापर्यंत उपचार घ्यावे लागतात. कंपन्यांना माझे सांगणे एवढेच आहे की खोक्याच्या दर्शनी भागावर मराठीसह स्थानिक भाषांत चार गोष्टी मोठ्या अक्षरांत छापाव्यात: फिकट रेघ म्हणजे ‘नाही’, ‘नाही’ आले तरी पेरिमेनोपॉज असू शकतो, ‘होय’ आले तरी दिवस जाऊ शकतात, आणि रक्तस्राव जास्त असेल तर ही चाचणी तुमच्यासाठी नाही.